कोर्टाचं लुगडं

१४ नोव्हेंबर १९९५, पेण

मिळाली एकदाची खोली! पहिल्या घरी म्हणाले, "आम्ही कुटुंबालाच देतो." दुसऱ्या घरी, "मिस्टर कधी येणार?" तिसऱ्या घरच्या बाईने माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं आणि दारच लोटलं. चौतीस वर्षांची, लॉ कॉलेजात शिकवणारी बाई मी, आणि पेणमध्ये मला डोकं टेकायला जागा मिळेना. तळपायाची आग मस्तकात गेली. मग सरळ बाजारात गेले आणि सोन्याचं पाणी दिलेलं एक मंगळसूत्र उचललं. दुकानदाराने विचारलं, "नव्या नवरीसाठी का?" म्हटलं, "हो, हो, द्या कुठलंही." ते गळ्यात अडकवून चौथं घर गाठलं.

घरमालकीण चंद्रावतीबाई. त्यांचा पापड-पोह्यांचा घरगुती धंदा आहे. माझ्या गळ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "लग्नाला किती वर्षं झाली?" मी ठोकून दिलं, "सात." "हं," म्हणाल्या आणि किल्ली काढून दिली. काम फत्ते.

१६ नोव्हेंबर

उद्यापासून कोर्ट. मी इथे कशाला तडमडले आहे, ते एकदा स्वच्छ लिहून ठेवते, म्हणजे मलाच धीर येईल. बाई कशी असते, कशी असावी, याबद्दलच्या ठोकळेबाज समजुती कायद्यात कुठेही लिहिलेल्या नसतात, मग निकालात येतात कुठून? स्त्रियांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आपण दोन वर्षांपूर्वी मान्य केला. त्याचं पाचवं कलम म्हणतं की या समजुती बदला. बदला म्हणणं सोपं आहे. त्या राहतात कुठे, हे तर आधी कळायला हवं. आमचे पीएचडीचे गाइड म्हणाले, "छापील निकाल आहेत की लायब्ररीत, रोहा-पेणला कशाला जायचं?" पण सर, छापील निकालात माणूस दिसत नाही हो. मला माणसं बघायची आहेत.

कोणत्या कोर्टात बसते, ते मात्र या वहीतही लिहिणार नाही. तसा शब्द दिला आहे.

२१ नोव्हेंबर

पोटगीची तीन प्रकरणं ऐकली. पहिल्या दिवशी मला मागे भिंतीला टेकून उभं राहावं लागलं होतं आणि शिपाई "ओ बाई, सरका" म्हणत होता. आज खळ घातलेली साडी, चष्मा आणि गळ्यात ते काळ्या मण्यांचं प्रकरण असा सगळा जामानिमा केला, तर तोच शिपाई खुर्ची पुसून म्हणाला, "बसा मॅडम." गंमतच आहे.

खांब गावाकडच्या एका बाईचं प्रकरण मनात राहिलं. विटून राखी झालेली निळी साडी, पदरावर खांद्यापाशी पिवळ्या कापडाचं ठिगळ. ती काही बोललीच नाही, नुसती मान खाली घालून उभी राहिली. न्यायाधीश कळवळले. पोटगी मंजूर. मी लिहून घेतलं की "गरीब बिचारी" दिसणं हाच इथे पुरावा.

२८ नोव्हेंबर

आज वाशी खाडीकडची एक बाई होती, मिठागरात पाट्या वाहणारी. चेहरा वेगळा, बोली वेगळी. पण साडी तीच! विटका निळा रंग, पिवळं ठिगळ, खांद्यापाशी. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. माझे डोळे फुटलेले नाहीत.

पोटगी मंजूर.

५ डिसेंबर

तिसऱ्या बाईच्या अंगावर तीच साडी. आता मात्र राहवेना. मधल्या सुट्टीत नळावर तिला गाठलं. "साडी छान आहे हो, कुठून घेतली?" असला अडाणी प्रश्न मी विचारला. ती म्हणाली, "माझीच हाय." आणि अशी काही वळली, की पुढे विचारायची सोयच उरली नाही.

या तिघींचा वकील एकच, दिनानाथ वकील. जाडजूड, सतत पान खाणारा, बायकांच्या केसेस घेतो म्हणून बाररूममध्ये चेष्टेचा विषय झालेला. मी सरळ त्यांनाच विचारलं. ते हसले. "साडी? अहो मॅडम, मला कोर्टात यायला माझा स्वतःचा गळ्यातला पांढरा बँड सापडत नाही, मी कुठून साड्या सांभाळू?" चोराच्या मनात चांदणं! कपाटात ठेवत असणार साडी आणि प्रत्येकीला नेसायला लावत असणार. स्वतःचा खटला जिंकण्यासाठी पुरुष वकील बाईला दीनवाणी करतो, यावर मी रागारागाने पानंच्या पानं लिहिली. चांगली उतरलीत.

१२ डिसेंबर

दिनानाथ वकिलांच्या ऑफिसात बसायची परवानगी मिळवली. (कपाट उघडंच होतं. फायली आणि एक छत्री. साडी नाही.)

तिथे वैशाली भेटली. रोह्याजवळ अष्टमी गावात राहते, कंपनीत पॅकिंगला आहे, शिफ्ट ड्यूटी. नवरा हर्षद कोलाडला हायवेवर गाड्यांचं गॅरेज चालवतो. दोन वर्षांपूर्वी दुसरीबरोबर राहू लागला. मुलगी मनस्वी सात वर्षांची, आईपाशी. बाप तिचं तोंड बघत नाही. वैशालीला स्वतःसाठी काही नको आहे. तिचं म्हणणं एवढंच, की मुलगी त्याची आहे हे त्याने दर महिन्याला कबूल केलं पाहिजे. मनस्वी शाळेत सांगते की माझे बाबा परदेशी आहेत. "कोलाड परदेस हाय काय गो, मॅडम?" वैशालीने मला विचारलं. हसत विचारलं, पण डोळे हसत नव्हते.

अंगात पोपटी पंजाबी ड्रेस, ओठाला लाली. वकील म्हणाले, "तारखेला हा पोपटी रंग नको. आणि कंपनीचा विषय आपण काढायचा नाही. कृष्णाबाईला भेटून ये."

"भेटते. पन साहेब, मला रडू येत नाय. काय करू?"

मला ही बाई फार आवडली. पण ही कृष्णाबाई कोण?

१९ डिसेंबर

आज गुप्तहेर झाले. साडी नेसलेली आजची बाई कोर्टातून निघाली, रोह्याच्या एसटीत बसली. मीही मागच्या सीटवर. कुंडलिका नदीचा पूल चालत ओलांडून अष्टमीत शिरली, एका बांगड्यांच्या दुकानात गेली आणि जरा वेळाने फुलाफुलांच्या साडीत बाहेर आली. मी तशीच आत घुसले. निळी साडी घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेत चालली होती आणि घडी घालणारी होती कृष्णाबाई. पन्नाशीची, जातीची कासारीण, हाताची बोटं लांबलचक.

"ये गो," ती म्हणाली. "पाळत ठेवून दमलीस काय? चाय पी."

आणि मग सगळं सांगितलं, अगदी बाजाराच्या गप्पा माराव्यात तसं. अठरा-वीस वर्षांमागे तिने स्वतः पोटगी मागितली, तेव्हा कोर्टात जायचं म्हणून लग्नातली चांगली साडी नेसून गेली. "देवळात जाताना नेसतो ना, तसं. कोर्ट पन मोठंच." साहेब म्हणाले, ही तर चांगली टापटीप दिसते, हिला काय कमी आहे? अर्ज फेटाळला. दुसऱ्या खेपेला ही निळी नेसून गेली आणि तोंडातून शब्द काढला नाही. मिळाली. तेव्हापासून साडी फिरते आहे. दिनानाथ वकील पुढे आले, त्यांना ते नंतर कळलं. म्हणजे माझी ती रागाची पानं गेली चुलीत!

साडीचे नियम आहेत. धुवायची, पण नीळ घालायची नाही. इस्त्री तर नाहीच. कोर्टाला जाताना काचेच्या दोन-दोन बांगड्या, बाकीच्या कृष्णाबाईपाशी ठेवायच्या. आणि सगळ्यांना मिळत नाही. "घरनं रडत येती तिला देत नाय. तिला काय गरज? रडू न येनारीला देते."

मला हसू आवरेना. तीही हसली. मग एकदम म्हणाली, "पुस्तकात लिवनार तू हे?"

"नाव नाही लिहिणार कुणाचं."

"नाव नको लिवू. ठिगळ तरी लिवशील. मग समोरचा वकील वाचल, साहेब वाचल. पुढची बाई काय नेसल गो?"

मी बघते, म्हणाले. तिने माझ्या गळ्याकडे बघितलं आणि कपात आणखी चहा ओतला.

२ जानेवारी १९९६

सुट्टी संपली. वैशाली पेणला माझ्या खोलीवर आली, मनस्वीला घेऊन. पोरगी चंद्रावतीबाईंच्या पोह्यांवर तुटून पडली.

वैशालीची तारीख येत्या मंगळवारी. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही कायदा शिकवता. मी कमवते हे लपवायलाच पायजे काय?"

नाही! मुळीच नाही! मुलीची पोटगी हा मुलीचा हक्क. आई कमावती असली म्हणून बापाची सुटका होत नाही. मी तिला कलम वाचून दाखवलं, निकाल सांगितले. तिचे डोळे चमकले. "मग मी ते निळं लुगडं नेसू का नको?"

इथे मी जरा अडखळले. म्हटलं, तुझं तू ठरव. मग वाटलं, हा पळपुटेपणा झाला. म्हणून सरळ सांगितलं, "जशी आहेस तशी जा. खोटं सोंग कशाला आणायचं? आपणच सोंग आणलं, तर त्यांच्या समजुती बदलणार कधी?"

संध्याकाळी दिनानाथ वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, कायदा तुमच्या पुस्तकात बरोबरच आहे. पण खुर्चीत पुस्तक बसत नाही, माणूस बसतो." मी म्हटलं, तुम्ही फार लवकर हार मानता. खरं म्हणजे हे लिहितानाही मला तेच वाक्य टोचतंय.

९ जानेवारी

काय लिहू?

वैशाली पोपटी ड्रेसमध्ये आली. ताठ उभी राहिली. हर्षदच्या वकिलाने विचारलं, कंपनीत किती वाजता जाता, किती वाजता येता, सोबत पुरुष कामगार असतात का, रात्रपाळी असली की मुलगी कुठे असते. तिने सगळ्याची खरी उत्तरं दिली. "मुलगी शेजारी हौसामावशीकडे असते." वकिलाने न्यायाधीशांकडे असं बघितलं, की घ्या, मिळालं उत्तर. मग तो म्हणाला, म्हणजे तुम्ही कमावता, तुम्हाला कशाची गरज नाही.

तेव्हा वैशाली म्हणाली, "मी कमवते म्हनून तिचा बाप मेला नाय."

मागे बसलेले लोक हसले. माझ्या अंगावर काटा आला. इतकं सोपं, इतकं बिनचूक! पण न्यायाधीशांच्या कपाळाला आठी पडली. ते वाईट माणूस नाहीत, मला कोर्टात बसायची परवानगी देणारे तेच. माझ्याकडे हात करून वैशालीला म्हणाले, "या बघा पुण्याच्या मॅडम. शिकलेल्या आहेत, नोकरी करतात, पण संसार सांभाळून. ते दिसतंच आहे. बाईच्या जातीने नम्रपणा सोडू नये. काय मॅडम, खरं ना?"

सगळं कोर्ट माझ्याकडे वळलं. वैशालीसुद्धा.

आणि मी मान हलवली.

म्हणजे, भर कोर्टात काय करणार होते? निरीक्षकाने कामकाजात बोलायचं नसतं. त्यांनी सहज विचारलं, मी सहज मान हलवली. त्याचा निर्णयाशी काही संबंध नाही. तात्पुरत्या पोटगीचा अर्ज दुपारी नामंजूर झाला, तो मान हलवल्याने झालेला नाही.

वैशाली माझ्याशी न बोलता गेली. शिफ्टची वेळ झाली असेल.

१५ जानेवारी

संक्रांत. चंद्रावतीबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं. बायकांनी ओसरी भरली होती. मला वाण म्हणून चाळणी दिली. त्यांची एक जाऊ माझा गळा बघून दुसरीच्या कानात काहीतरी बोलली, दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. चंद्रावतीबाईंनी त्यांना डोळ्यांनी दटावलं. माझ्या पुणेरी बोलण्याला हसत असतील.



३० जानेवारी

मनाचा हिय्या करून अष्टमीला गेले. दुकानात कृष्णाबाई आणि वैशाली दोघीही होत्या. म्हटलं, शिव्या द्या एकदाच्या. कुणी देईना. वैशाली नुसती म्हणाली, "मनस्वीने इचारलं, बाबा कोर्टाला आलेले काय. मी म्हटलं, नाय, कामात हायेत. मी पन परदेस केला, मॅडम." आणि मग तिला रडू आलं. रडू येत नाही म्हणणारी बाई ती. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

कृष्णाबाईने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुझ्या गळ्यातलं कुनाचं गो?"

"कुणाचं म्हणजे? माझं."

"तुझ्या लग्नाला किती वर्सं झाली म्हनतेस?"

"सात."

"आणि वाट्या अजून उलट्या?"

मला कळेचना. मग तिने स्वतःच्या गळ्यातलं पुढे धरून दाखवलं. नव्या नवरीच्या मंगळसूत्रात वाट्या उलट्या असतात, पोकळ बाजू पुढे. थोड्या दिवसांनी त्या सुलट्या करतात. लग्न झालेल्या प्रत्येक बाईला हे माहीत असतं. आणि मी गेले अडीच महिने उलट्या वाट्या मिरवत कोर्टात, बाजारात, एसटीत आणि हळदीकुंकवाला हिंडते आहे!

"कधी कळलं तुम्हाला?"

"दारातनं आलीस तवाच. कासारीन हाय मी." मग म्हणाली, "लाजतेस कशाला? तुला खोली पायजे होती, खुर्ची पायजे होती. आमचं लुगडं, तुझं हे. फक्त आमचं लुगडं आम्ही एकमेकीला देतो."

वैशाली डोळे पुसत हसायला लागली. "साहेबांना वाट्या नाय दिसल्या पन!"

घरी येऊन चंद्रावतीबाईंना विचारलं. त्या पापड लाटतच होत्या. "पहिल्या दिवशीच कळलं. पण बिनलग्नाच्या बाईला खोली दिली म्हटल्यावर आमचे हे कुरकुरले असते. तुम्ही घातलंत, माझं काम सोपं झालं. वाट्या पुरुषांना कुठे कळतात!"

६ फेब्रुवारी

साडी आणि ही माळ एकच, हे पाचव्या कलमावर व्याख्यानं देणाऱ्या मला बांगड्यांच्या दुकानात कळावं! राग स्वतःचाच येतो आणि हसूही येतं. पण एक कुतूहल डोक्यातून जात नाही. न्यायाधीश वैशालीचं वाक्य ऐकतच नव्हते का, की पोपटी रंगाने त्यांचे कान बंद झाले होते?

वैशालीला विचारलं, आता तू काय करणार? म्हणाली, "आता मी निळं नेसनार. तुमच्यासाठी एकदा पोपटी घालून बघितलं ना? पन एक हाय. खोटं नाय बोलनार. कंपनीत जाते तेच सांगनार."

वकिलांनी हातापाया पडून अंतिम सुनावणीची लवकरची तारीख मिळवली. मी या वेळी तोंड मिटून बसणार, मग कुणीही काहीही विचारो. हे लिहिते तर खरं.

१२ मार्च

मोकळ्या गळ्याने गेले. शिपायाने खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "आज वकीलसाहेबांना लागणार" म्हणून उचलून नेली. भिंतीला टेकून उभी राहिले. न्यायाधीशांनी ओळख दाखवली नाही. कदाचित ओळखलंही नसेल.

वैशाली पिंजऱ्यात आली. विटकी निळी साडी, पिवळं ठिगळ, दोन-दोन बांगड्या. त्याच वकिलाने तेच प्रश्न विचारले. तिने तीच उत्तरं दिली. कंपनी, शिफ्ट, हौसामावशी. आणि पुन्हा तेच वाक्य, तितक्याच ठाम आवाजात, "मी कमवते म्हनून तिचा बाप मेला नाय."

या वेळी कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढला. हळूच म्हणाले, "बरोबर बोलतेस, बाई." आणि ते वाक्य जसंच्या तसं जबानीत घ्यायला सांगितलं. समोरचा वकील उठून म्हणाला, "साहेब, ही कमावती आहे." न्यायाधीश त्यालाच ओरडले, "मग काय झालं? मुलीला बाप नको का?"

मी भिंतीला पाठ लावून उभी होते. तेच न्यायाधीश, तीच बाई, तेच शब्द. बदललं फक्त लुगडं. जगातल्या कुठल्या विद्यापीठाने मला असा पुरावा मिळवून दिला असता? बोटं शिवशिवत होती. आनंद झाला, फार आनंद झाला. पण जे खरं होतं ते जानेवारीतही खरंच होतं.

१९ मार्च

निकाल. हर्षदने मुलीला दर महिन्याला पोटगी द्यायची. वैशाली बाहेर येऊन पायरीवर बसली. म्हणाली, "आता मनस्वीला कोलाडला नेते एकदा. गॅरेज दाखवते. म्हनते, बघ, हे परदेस."

२६ मार्च

उद्या पुण्याला. प्रबंधाचं हे प्रकरण लिहून झालं. त्यात साडी नाही. ठिगळ नाही. १२ मार्चही नाही. गाइडना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तुमचं म्हणणं पटतंय, पण ठोस पुरावा कुठे आहे?" म्हटलं, "आहे सर. पण तो वापरात आहे."

दुपारी अष्टमीला जाऊन आले. कृष्णाबाईची ट्रंक उघडीच होती. उद्या परवा कुणाची तरी तारीख असेल. मी पर्समधून मंगळसूत्र काढून तिच्यासमोर धरलं. म्हटलं, "हेही ठेवा. कुणा एकटीला खोली हवी असेल, खुर्ची हवी असेल, तर द्या."

तिने ते हातात घेतलं, उजेडात धरून बघितलं आणि मला परत दिलं.

"असं नाय चालनार," ती म्हणाली. "आधी सुलटं कर गो."

दुकानात पक्कड होती. मी उकिडवी बसून कड्या उघडल्या आणि एकेक वाटी फिरवून सुलटी करायला घेतली. पहिली नीट बसली. दुसरी बसेना, ती तिने करून दिली. मग मंगळसूत्र निळ्या साडीच्या घडीत गेलं आणि तिने ट्रंकेचं झाकण लावलं.